तलावावरच्या पाहुण्यांची शिरगणती



दिवाळी सरली की आपल्या धरणांवर, पाझर तलावांवर आणि खाड्यांवर पाहुणी बदके उतरू लागतात. उत्तर व मध्य आशियात थंडीने पाणी गोठते, चारा मिळेनासा होतो, म्हणून ती हिमालयापलीकडून इकडे येतात आणि मार्च-एप्रिलात परततात. जानेवारीत त्यांची मोजणी होते. भारतात १९८७ पासून ‘आशियाई पाणपक्षी गणना’ या नावाने हे काम चालू आहे. पक्षिमित्र मंडळी ते हौसेने करतात.

आमचा कळवा ठाणे खाडीच्या काठी. या खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि २०२२ साली जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. रोहितांच्या जोडीने थापट्या आणि तलवार बदकेही इथे हिवाळा काढतात. निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातले पहिले रामसर स्थळ. तिथे चक्रवाकही दिसतो.

मोजणीची रीत सोपी आहे. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन उभे राहायचे आणि थवा उडू द्यायचा नाही. आधी दहा पक्षी मोजायचे, ते केवढी जागा व्यापतात हे नजरेत धरायचे आणि तेवढे तुकडे साऱ्या थव्यावर मोजत जायचे. थवा मोठा असला तर शंभराचा तुकडा धरायचा. दोघांनी वेगवेगळे मोजून आकडे ताडून पाहावेत. खाडीवर मात्र भरतीची वेळ साधावी, कारण ओहोटीला पक्षी चिखलावर दूर पांगतात. घरी मुलांना सराव द्यायचा तर मूठभर चिंचोके ताटात टाका, अंदाज विचारा आणि मग मोजा. हळूहळू नजर बसते.

यात आपला काय फायदा? दुधाची वही आठवा. म्हशीने एक दिवस कमी दूध दिले म्हणून आपण घाबरत नाही, पण महिनाभर घटत गेले की काय बिघडले ते शोधतो. तळ्याचेही तसेच. पाऊस भरपूर झाला की बदके अनेक तळ्यांवर वाटली जातात, म्हणून एका वर्षाच्या घटीवरून निष्कर्ष काढू नये. पण वर्षानुवर्षे आकडा उतरत गेला, तर जलपर्णी, सांडपाणी की फवारणीचे औषध, याचा शोध घ्यावा. तेच पाणी आपली गुरे पितात. फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नका, औषधाचे रिकामे डबे काठावर टाकू नका.

पट्टकदंब हंसांचे थवे हरभऱ्यात, गव्हात उतरले तर नुकसान होते, हे खरे. डबे वाजवून त्यांना हुसकावा, पण विषारी दाणे कधीही टाकू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि ते दाणे आपल्या कोंबड्याही टिपतील.

पाणपक्षी मेलेले आढळले तर हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा कोंबड्या पाळणाऱ्यांना केवढा फटका बसला, ते आपण पाहिले आहे.

येत्या जानेवारीत गावतळ्यासाठी एक वही घाला. तारीख, वेळ, पक्षी आणि पाण्याची पातळी, एवढ्या चार रकान्यांत काम भागते. ही वही शाळेतल्या मुलांकडे सोपवा. दरसाल त्याच आठवड्यात, त्याच जागेवरून मोजायला मात्र त्यांना सांगा.