जर्मन गावांतील ज्यू पेढ्या : पूर्वपक्ष आणि वस्तुस्थिती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या लहान शहरांची बाजारपेठ पार बदलली आणि त्या बदलात ज्यू कुटुंबांच्या दुकानांचा, पेढ्यांचा, कारखान्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्याविषयीचा पूर्वपक्ष मात्र शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही. व्यापार हा ज्यूंचा स्वभावच. बाहेरून भांडवल आणून त्यांनी बाजार ताब्यात घेतला. त्यापायी स्थानिक दुकानदार बुडाला. आणि १९३३ नंतर धंदे विकून ते निघून गेले, असा तो आहे. हिटलरच्या आत्मचरित्राचे अनुवाद मराठीतही मिळतात, तेव्हा हा युक्तिवाद मराठी वाचकाला अपरिचित नाही. या साखळीतल्या एका कडीत अर्धे सत्य आहे. बाकीच्या कड्या तपासणीत टिकत नाहीत.

स्वभावाची गोष्ट कायद्यापाशीच संपते. मध्ययुगापासून कारागिरांच्या संघांत ज्यूंना प्रवेश नव्हता आणि बहुतेक संस्थानांत त्यांना शेतजमीनही घेता येत नसे. उरले काय, तर पाठीवर गाठोडे घेऊन फेरी, गुरांचा व्यापार, जुने कपडे आणि सावकारी. न्यूरेंबर्गने १४९९ मध्ये ज्यूंना हाकलले, ते थेट १८५० मध्ये पुन्हा पहिल्या ज्यू नागरिकाला वस्तीची परवानगी दिली. बव्हेरियात १८१३ च्या फर्मानाने प्रत्येक गावातल्या ज्यू कुटुंबांची संख्याच गोठवली. नोंदवहीतली जागा रिकामी झाल्याशिवाय धाकट्या मुलांना संसार थाटता येत नसे, म्हणून ते परदेशाची वाट धरत. जीन्समुळे जगाला माहीत झालेला लेव्ही स्ट्रॉस याच बव्हेरियातल्या बुटेनहाइम गावचा. १८४७ मध्ये तो अमेरिकेला गेला. हे निर्बंध १८६१ मध्ये उठले आणि १८७१ च्या साम्राज्यात सर्वत्र कायदेशीर समता आली. ज्यांना पिढ्यानपिढ्या एकच दार उघडे ठेवले होते, ते त्याच दाराने पुढे गेले, यात स्वभावाचा प्रश्न येतोच कुठे?

बाहेरच्या भांडवलाचा आरोप तर उलटाच आहे. फ्रँकोनिया, हेसन, बाडेन इथल्या खेड्यांत राहणारा ज्यू गुरांचा व्यापारी शेतकऱ्याला गाय उधारीवर देई, पैसे पीक हाती आल्यावर घेई, म्हातारे जनावर बदलून देई. बँक त्या खेड्यापर्यंत पोचलेलीच नव्हती. या व्यवहाराला कागदापेक्षा ओळख लागे, आणि ती बापाकडून मुलाकडे जाई. बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सचा व्यापारही असाच शेताच्या बांधावरून सुरू झाला. वस्तीची बंदी उठताच हे व्यापारी न्यूरेंबर्ग आणि बांबर्गला आले, आणि न्यूरेंबर्ग जगातल्या हॉप्स-व्यापाराचे केंद्र बनले. व्याजाचे आणि फसवणुकीचे तंटे या धंद्यात नव्हते असे नाही. पण ते ख्रिश्चन सावकारांच्या बाबतीतही होतेच.

मोठ्या दुकानांची कथा तर बर्लिनमध्ये सुरूच होत नाही. वेर्टहाइम कुटुंबाने १८७५ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या श्ट्रालझुंड गावी दुकान काढले. त्याच गावात १८७९ मध्ये लिओनहार्ड टीट्झने सुताबटणांचे छोटेसे दुकान मांडले. ऑस्कर टीट्झने १८८२ मध्ये गेरा इथे जम बसवला, तो काका हेर्मानच्या पैशावर. म्हणून पाटीवर नाव काकाचे. या दुकानांतली नवलाई साधी होती. प्रत्येक मालावर भावाची चिठ्ठी, घासाघीस नाही, व्यवहार रोखीचा, आणि माल पसंत नसेल तर परत. गिऱ्हाइकाची पत पाहून भाव सांगण्याची जुनी रीत यामुळे मोडली, आणि त्याचा फायदा सर्वांत जास्त गरीब गिऱ्हाइकाला झाला. झाल्मान आणि सिमॉन शोकेन या भावांनी झ्विकाउ आणि ओल्स्निट्झ अशा सॅक्सनीतल्या कामगारवस्तीच्या गावांतून आपली साखळी उभी केली. एकत्र खरेदी करायची आणि माल तपासून घ्यायचा, ही त्यांची पद्धत. १९३० मध्ये केम्निट्झला त्यांनी एरिख मेंडेल्सोनकडून बांधून घेतलेली इमारत आजही आधुनिक वास्तुकलेच्या पुस्तकांत असते. पैसा गावातून राजधानीकडे गेला. राजधानीतून गावावर चालून आला नाही.

आता ते अर्धे सत्य. १९३३ मध्ये ज्यू लोकसंख्या सुमारे पाच लाख, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी होती, आणि कमावत्या ज्यूंपैकी साठ टक्क्यांहून अधिक व्यापार-वाहतुकीत होते. डिपार्टमेंट स्टोअर, तयार कपडे, गुरे, हॉप्स या धंद्यांत त्यांचा वाटा खरोखरच मोठा होता. तो लपवण्यात अर्थ नाही. पण डिपार्टमेंट स्टोअरांचा एकूण किरकोळ विक्रीतला हिस्साच पाच टक्क्यांच्या आसपास होता. ज्या कोळशा-पोलादावर जर्मन अर्थव्यवस्था उभी होती, तिथे क्रुप आणि थिसेन यांची घराणी होती, आणि ती ज्यू नव्हती. बहुसंख्य ज्यू पेढ्या म्हणजे नवरा-बायको आणि दोन-चार नोकर.

लहान दुकानदाराचे दुखणे खरे होते. १९२९ नंतरच्या मंदीने तो कोलमडलाच होता. नाझी पक्षाच्या १९२० च्या कार्यक्रमातल्या सोळाव्या कलमात मोठी दुकाने ताबडतोब नगरपालिकांकडे घेऊन लहान व्यापाऱ्यांना स्वस्तात भाड्याने देण्याचे वचन होते. सत्ता आल्यावर ते पाळले गेले नाही. हेर्मान टीट्झ पेढी बुडाली तर हजारो नोकर रस्त्यावर येतील, या धास्तीने १९३३ मध्ये हिटलरच्या संमतीने त्याच पेढीला कर्ज मिळाले. त्याची किंमत म्हणून मालक कुटुंबाला बाहेर काढले, धंदा गेओर्ग कार्ग या अधिकाऱ्याच्या हाती गेला आणि नाव झाले हेर्टी. लिओनहार्ड टीट्झची पेढी काउफहोफ झाली. गल्लीतल्या दुकानदाराच्या हाती काहीच आले नाही.

शेवटची कडी सर्वांत दुबळी. १ एप्रिल १९३३ च्या ज्यू दुकानांवरील बहिष्कारानंतरही गिऱ्हाइके तुटली नव्हती. बव्हेरियातले शेतकरी अजून ज्यूंनाच गुरे विकतात, अशा तक्रारी पक्षाचे लोक पुढची काही वर्षे करत राहिले. मग कायद्याने गळा आवळला. विक्रीच्या करारांना पक्षाच्या आर्थिक सल्लागाराची संमती लागे. पेढीच्या नावलौकिकाची किंमत धरली जात नसे. देश सोडताना मालमत्तेचा चौथा हिस्सा ‘पलायन कर’ म्हणून जाई आणि उरलेली रक्कम गोठवलेल्या खात्यात अडके. टपालाने माल विकणारी पेढी असो वा कोपऱ्यावरचे दुकान, अटी त्याच. न्यूरेंबर्गहून बर्लिनला आलेल्या कार्ल आमसन योएलची टपालविक्रीची पेढी १९३८ मध्ये योझेफ नेकरमानने घेतली, आणि योएलला तेव्हा पैसा हाती लागला नाही. सूल इथले सिमसन घराणे व्हर्सायच्या तहानंतर जर्मन सैन्याला हलकी शस्त्रे पुरवत होते. जादा नफेखोरीचा आरोप ठेवून नाझी पक्षाचा प्रांतप्रमुख (गाउलायटर) फ्रिट्झ साउकेलने तो कारखाना गिळला. म्युनिकच्या बांबर्गर अँड हर्ट्झचा विश्वासू कर्मचारी हिर्मर याने दुकान घेतले आणि युद्धानंतर मालकांशी समझोता केला, असे अपवाद आहेत, ते अपवादच.

नोव्हेंबर १९३८ मधल्या ज्यूविरोधी हिंसाचारात सुमारे साडेसात हजार दुकाने फुटली. नुकसान ज्यूंचे, आणि शंभर कोटी मार्कांचा दंडही ज्यूंनाच. विम्याची रक्कम सरकारने जप्त केली. १ जानेवारी १९३९ पासून त्यांना दुकान चालवण्याचीच बंदी झाली. याला विक्री म्हणायचे असेल, तर लूट कशाला म्हणायचे हे पूर्वपक्षाने सांगावे.

युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यातल्या जर्मन विभागात १९४७ मध्ये मालमत्ता परतीचा कायदा झाला. पूर्व जर्मनीतल्या कुटुंबांना १९९० पर्यंत थांबावे लागले. वेर्टहाइमच्या बर्लिनमधल्या जमिनीवरून चाललेला वाद २००७ मध्ये मिटला, तेव्हा कार्श्टाट-क्वेले कंपनीने ८ कोटी ८० लाख युरो देण्याचे मान्य केले.