अकलूजची रिंकू आणि आपल्या घरातील मुली

आपल्या समाजातील एखाद्या मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, की स्मरणिकेत तिचे छायाचित्र येते, विहारात तिचा सत्कार होतो आणि आम्ही परदेशस्थ मंडळी एकमेकांना दूरध्वनी करून ती वार्ता कळवितो. त्याच मुलीने "मला अभिनय शिकायचा आहे" असे म्हटले, तर घरात शांतता पसरते. वडील वर्तमानपत्र उचलतात, आई स्वयंपाकघरात निघून जाते. इंग्लंडातील आपल्या किमान चार घरांत हा प्रसंग घडल्याचे आम्हास ठाऊक आहे. या शांततेच्या मुळाशी काय आहे आणि आज ती कितपत योग्य आहे, याचा विचार एका मुलीच्या निमित्ताने करावा असे वाटते. ती मुलगी म्हणजे 'सैराट'मधील आर्ची, अकलूजची रिंकू राजगुरू.

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील अकलूज हे ऊस आणि साखर कारखान्याचे गाव. तेथील राज्यस्तरीय लावणी स्पर्धाही महाराष्ट्रभर गाजलेली. या गावात ३ जून २००१ रोजी रिंकूचा जन्म झाला. तिचे मूळ नाव प्रेरणा. आई आणि वडील दोघेही शिक्षक. चित्रपट व्यवसायाशी घराचा काडीचाही संबंध नव्हता. ती सातवीत असताना दिग्दर्शक नागराज मंजुळे नव्या चित्रपटासाठी मुलीच्या शोधात त्या भागात आले, आणि तिची निवड झाली. मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. 'फँड्री'मुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झालेले. पुढे करमाळ्याच्या परिसरात व हैदराबादेत चित्रीकरण होऊन 'सैराट' तयार झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला आणि २९ एप्रिल २०१६ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. शंभर कोटी रुपयांच्या उत्पन्नाचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. तत्पूर्वीच ६३ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत रिंकूच्या अभिनयाचा विशेष उल्लेख झाला होता. त्या वेळी तिला पंधरावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते.

वर्तमानपत्रांनी ही कथा नशिबाची म्हणून सांगितली. गावातली पोर, एक चाचणी आणि रातोरात तारका! आम्हास हे पटत नाही. नशिबाची कथा ऐकून आपल्या मुलींनी काय शिकावे? वाट पाहावी, एवढेच. वस्तुतः या मुलीच्या पाठीशी दोन गोष्टी ठामपणे उभ्या होत्या. एक, शिक्षकाचे घर. मुलीला चाचणीला जाऊ देणारे, चित्रीकरणास पाठविणारे, आणि तरीही शाळेची पुस्तके न मिटू देणारे घर. दुसरी, मुंबई-पुण्याबाहेर माणसे शोधणारा दिग्दर्शक. तिने पडद्यावर बोललेली भाषा अकलूज-करमाळ्याकडची आहे. मराठी चित्रपटात ही भाषा वर्षानुवर्षे नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या वाट्यास येई. नायिका प्रमाण मराठीच बोलत असे. आर्ची ती भाषा बुलेटवर बसून, ट्रॅक्टर चालवीत बोलली आणि कोणाला हसू आले नाही. आमच्या परिचयाच्या एक वृद्ध भगिनी, ज्या चाळीस वर्षे इकडे राहूनही दूरध्वनीवर सोलापुरीच बोलतात, त्या चित्रपट पाहून म्हणाल्या, "ही तर आमच्यासारखं बोलती!" पुरस्काराच्या प्रशस्तिपत्रात हे लिहिलेले नसते.

येथे एक कटू गोष्टही नोंदविली पाहिजे. जातीबाहेर लग्न केल्याबद्दल दोन तरुण जिवांचा बळी कसा घेतला जातो, हे त्या चित्रपटाने दाखविले. आंतरजातीय विवाह हाच जातिनिर्मूलनाचा खरा उपाय आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवले. त्या उपायाची किंमत कोण मोजते, हे 'सैराट'च्या शेवटी दिसते. चित्रपट पाहून उठल्यावर आमच्याच एका बैठकीत पहिला प्रश्न आला तो असा, की "ही मुलगी कोणाची? म्हणजे कोणत्या समाजाची?" आम्ही उत्तर दिले नाही. या लेखातही देणार नाही.

आता त्या शांततेकडे वळू. अभिनयाचे नाव काढताच आपल्या घरांत जो संकोच दाटतो, तो उच्चवर्णीयांच्या सोवळेपणातून आलेला नाही. त्याचा इतिहास निराळा आहे. तमाशाच्या बोर्डावर नाचणाऱ्या स्त्रिया बहुतांशी आपल्याच वाड्यावस्त्यांतील होत्या. ज्या जातींना जमीन नव्हती, त्यांच्या लेकींच्या पायांत चाळ बांधले गेले. शाहीर पठ्ठे बापूराव आणि पवळाबाई यांच्या संदर्भात चळवळीत एक हकीकत सांगितली जाते. बापूरावांनी फडाच्या उत्पन्नातून सत्याग्रहासाठी निधी देऊ केला असता बाबासाहेबांनी तो नाकारला. अस्पृश्य स्त्रीला नाचवून मिळविलेला पैसा त्यांना नको होता. ही हकीकत ऐकतच आमची पिढी वाढली. आमच्या आईवडिलांनी मुलींना पाटी-पुस्तक दिले आणि ढोलकीपासून दूर ठेवले, ते याच शिकवणुकीने. त्यात त्यांचे काय चुकले? काहीच नाही.

विठाबाई नारायणगावकर यांच्याविषयीची कथा तर सर्वश्रुत आहे. पूर्ण दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, कळा येताच पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचावयास आल्या, असे सांगतात. ही कथा कौतुकाने सांगितली जाते आणि श्रोते टाळ्या वाजवितात. वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या आम्हाला ती ऐकताना घाम फुटतो. प्रसूतीनंतरचे पहिले काही तास रक्तस्रावाच्या दृष्टीने सर्वाधिक धोक्याचे. दगडाने तोडलेली नाळ म्हणजे अर्भकास धनुर्वाताचे आमंत्रण. त्या माऊलीचे धैर्य थोर होतेच. परंतु ज्या व्यवस्थेत बाळंतिणीला एक रात्र अंग टाकण्याची मुभा नव्हती, तिला टाळ्या कशाच्या? राष्ट्रपतींचे पदक मिळालेल्या विठाबाईंची अखेरची वर्षे आर्थिक विवंचनेत गेली. २००२ साली त्यांचे निधन झाले.

दक्षिणेत केरळमध्ये याहून वेगळे काही घडले नाही. मल्याळम भाषेतील पहिल्या चित्रपटाची, 'विगतकुमारन्'ची नायिका पी. के. रोझी ही दलित समाजातील होती. लोकनाट्यात काम करणाऱ्या या तरुणीने १९३० च्या सुमारास पडद्यावर नायर कुळातील स्त्री रंगविली. अस्पृश्य बाईने नायर स्त्री व्हावे, हे तिरुवनंतपुरमच्या प्रेक्षकांना सहन झाले नाही. पडद्यावर दगड आले. तिला गाव सोडून पळावे लागले आणि उर्वरित आयुष्य तिने तामिळनाडूत अज्ञातवासात घालविले. त्या चित्रपटाची एकही प्रत आज शिल्लक नाही.

बाबासाहेबांनी जे नाकारले ते काय होते, याचा नीट उलगडा झाला पाहिजे. आमच्या मते त्यांनी कला नाकारली नाही. जातीने लादलेले, दुसऱ्याच्या लाभासाठीचे आणि मागे फिरण्याची वाट नसलेले नाचणे नाकारले. पवळाबाईंना बोर्ड सोडून जाण्यासारखी दुसरी जागा होती काय? विठाबाईंना होती काय? रिंकूला होती. चित्रपट कोसळला असता, तर ती निमूटपणे आपल्या वर्गात जाऊन बसली असती आणि शिक्षकाची मुलगी म्हणून पुढे शिकली असती. ज्या मुलीला परत येण्याची वाट मोकळी आहे तिचे मंचावर जाणे, आणि जिला ती नाही तिचे जाणे, या दोन गोष्टी एकाच तराजूत तोलता येणार नाहीत. आपल्या घरांतील मुलींना आज ती वाट मोकळी आहे. ती आपणच तीन पिढ्या खपून करून दिली आहे.

याचा अर्थ सारे आलबेल आहे असा नव्हे. तेरा-चौदाव्या वर्षी मुलीचे शरीर वाढत असते, झोपेची गरज मोठ्या माणसाहून अधिक असते, आणि स्वतःविषयीची कल्पना तर पाऱ्यासारखी हलती असते. या वयाच्या मुलीकडून प्रौढ प्रेमिकेची भूमिका करवून घेण्याची चित्रपटसृष्टीची सवय आम्हास मान्य नाही. 'सैराट'वर आमचे प्रेम असूनही हा आक्षेप आम्ही मागे घेत नाही. इकडे इंग्लंडात १९६३ च्या कायद्यापासून शालेय वयाच्या बालकलाकारासाठी स्थानिक परिषदेचा परवाना लागतो. चित्रीकरणाच्या जागी शिक्षणाची सोय व देखरेख करणारी जबाबदार व्यक्ती ठेवावी लागते. भारतात बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही, आणि उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावा लागतो. नियम चांगले आहेत. पण या कायद्याने बालक म्हणजे चौदा वर्षांखालील, आणि रिंकूवर प्रसिद्धीची लाट कोसळली ती चौदा पूर्ण झाल्यावर.

ती लाट कशी होती? शाळेत जाणे गर्दीमुळे अशक्य झाले. दहावीची परीक्षा तिला १७ नंबरचा अर्ज भरून, बाहेरून द्यावी लागली. त्याच वर्षी 'सैराट'च्या कन्नड आवृत्तीत, 'मनसु मल्लिगे'तही तिने काम केले. जून २०१७ मध्ये निकाल लागला आणि तिची गुणपत्रिका वाहिन्यांवर झळकली. विषयवार गुण, टक्केवारी, सर्व काही. कोणी वाहवा केली, कोणी नाक मुरडले. सोळा वर्षांच्या मुलीची गुणपत्रिका ही तिची, तिच्या पालकांची आणि शाळेची बाब आहे; आमच्या व्यवसायात रुग्णाचा अहवाल असा चौकात लावला, तर परवाना जाईल. आम्हास ते गुण ठाऊक आहेत, आपणासही असतील. येथे छापण्याचे कारण नाही. महत्त्वाची गोष्ट एवढीच, की ती परीक्षेला बसली. २०२० मध्ये बारावीलाही बसली आणि उत्तीर्ण झाली. शंभर कोटींच्या चित्रपटाची नायिका असताना परीक्षेच्या बाकावर बसणे, हे बुलेट चालविण्याहून अवघड काम आहे.

पुढील भूमिकांपैकी दोन आपल्या वाचकांनी जरूर पाहाव्यात. २०२१ च्या '२०० हल्ला हो'मध्ये तिने आशा सुर्वे ही शिकलेली दलित तरुणी रंगविली. २००४ साली नागपूरच्या कस्तुरबानगरातील स्त्रियांनी वर्षानुवर्षे छळणाऱ्या गुंडाला न्यायालयातच संपविले, त्या घटनेवर तो बेतलेला आहे. कायदा हातात घेण्याचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु त्या वस्तीची फिर्याद इतकी वर्षे कोणी का ऐकली नाही, हा प्रश्न तो चित्रपट टाळत नाही. दुसरी भूमिका २०२२ च्या 'झुंड'मधील मोनिका. फुटबॉल खेळण्यासाठी परदेशी जाऊ पाहणाऱ्या या मुलीला पारपत्र हवे असते आणि ओळखीच्या कागदांसाठी बापलेक वणवण फिरतात. भूमिका लहान आहे. पण आपल्यापैकी ज्यांनी एकेका दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या आणि मग हा देश गाठला, त्यांना ती चटकन ओलांडता येणार नाही. त्याच चित्रपटात भीमजयंतीची मिरवणूक आणि बाबासाहेबांची भव्य प्रतिमा आहे, आणि तिच्यापुढे हात जोडून अमिताभ बच्चन उभे आहेत. आमच्या घरी त्या दृश्याला मुलांनी चित्रपट थांबवून पुन्हा मागे नेला.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या संघटनेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आपण पाहिला असेल. वैद्यकीय, अभियांत्रिकी, विधी, व्यवस्थापन आणि संगणक, एवढ्याच शाखा त्यावर छापलेल्या आहेत. गेल्या वर्षी नाट्यशिक्षणाच्या पदवीला प्रवेश मिळालेल्या आपल्या एका मुलीने अर्ज केला, तेव्हा "शाखा बसत नाही" म्हणून तो परत गेला. तिने मग दुकानात काम धरून पहिल्या वर्षाचे शुल्क भरले. येत्या सर्वसाधारण सभेत त्या यादीत 'नाट्य व चित्रपट' ही शाखा वाढविण्याची सूचना आम्ही मांडणार आहोत. अनुमोदक हवा आहे. विरोध असेल त्यांनीही अवश्य यावे, मात्र आपल्या मुलींना सोबत घेऊन यावे.