हेल्मेट आणि चुंबळ



इंजिनीअरिंगच्या पुस्तकांत बांधकामावरची सुरक्षितता बहुधा एखाद्या प्रकरणात उरकलेली असते. त्या चित्रांतला हेल्मेटवाला कामगार मला तरी पुरुषच दिसला. साइटवर घमेली वाहते ती बाई. तिच्या डोक्यावर चुंबळ. त्यावर हेल्मेट बसायचं कसं, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. तिचं मूल तिथंच पाण्याच्या हौदाशी खेळतं. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानं 50 हून अधिक स्त्रिया असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं होतं. म्हणजे 49 असल्या तर सूट होती! (मुकादमाला हे गणित न शिकवता यायचं.)

जून 2019 मध्ये पुण्यात कोंढव्याला मजुरांच्या झोपड्यांवर भिंत कोसळून 15 जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. भिंतीवर मातीचा दाब किती, हे वर्गात शिकवतात. तिच्या पायथ्याशी माणसं कुणी वसवली, हे विचारायला कोण शिकवणार?

आम्ही समाजकार्यवाल्याही वेगळ्या नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या क्षेत्रकार्यात मी वस्तीत गेले, साइटवर नाही. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना महिनाभर एकत्र साइटवर पाठवा आणि शिकवायला बिगारी बाईला बोलवा, रीतसर मानधन देऊन. ही मागणी आपापल्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे नेऊ या.