घोंगडीची रील आहे, खळीचं काय?

तेरला गेला असाल तर गोरोबाकाकांचं दर्शन झालं असेल, लामतुरे संग्रहालयही पाहिलं असेल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची माहितीपुस्तिका लिहिली. तीत तगर, म्हणजे आपलं तेर, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं लिहिलंय. इथून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जायची, हेही. माल, वाट, बंदर, सगळ्याची नोंद झाली. पण ते कापड कोणी, कसं विणलं? त्याबद्दल चकार शब्द नाही. व्यापाऱ्याला त्याच्याशी काय देणंघेणं!

आज मोबाईल हातात असूनही आपण तेच करतोय. घोंगडीचंच बघा. धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर आणि सणगरांचा खड्डामाग. रीलमध्ये मागाचा खटखटाट, मागे बासरी, तीस सेकंदांत खेळ खल्लास. लाइक भरपूर. पण चिंचोके किती भिजवायचे, खळ किती दाट ठेवायची, हवा बदलली की ताण्याचं काय करायचं, हे त्यात कुठंय? विचारलं तर विणकर म्हणणार, ‘हाताला कळतं.’ बरोबरच आहे त्यांचं. म्हणून मला वाटतं, उस्तादाचा नाही, शिकणाऱ्याचा व्हिडिओ काढा. तुमच्यापैकी कोणी मागावर बसा, चुका. चूक सुधारताना ते जे बोलतील, ते मुलाखतीत कधीच येणार नाही.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे तुमच्या पदवीत भारतीय ज्ञान प्रणाली आणि फील्ड प्रोजेक्ट दोन्ही आलेत. कॉपी-पेस्ट करून क्रेडिट मिळतीलही. पण नीट केलं तर काय होतं, ते जात्यावरच्या ओव्यांनी दाखवलंय. १९८०च्या दशकात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावी ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजारावर गावं, लाखाहून जास्त ओव्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रण आणि डेटाबेसचं काम उभं केलं. २०१७पासून ‘परी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया त्या प्रसिद्ध करतंय, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव यांच्यासकट. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, तरी ती ओवी कोणाची हे आज सांगता येतं.

आता जरा अडचणीचा मुद्दा. अपलोड केलेलं कोणाचं? हळदीचं अमेरिकेतलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, ते आपल्याकडच्या जुन्या लेखी नोंदी दाखवता आल्या म्हणून. त्यातून धडा घेऊन २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं, पण त्यात भर औषधांवर आणि योगावर, विणकाम नाही. जीआय नावाला संरक्षण देतं, हातातल्या कसबाला नाही. पैठणीला ते मिळालंय, तरी बाजारात पॉवरलूमची साडी त्याच नावाने खपतेच. तुमचा व्हिडिओ उद्या कोणी कारखानदार उचलेल किंवा एआयला नक्षी शिकवायला वापरेल. तेव्हा शूटिंगआधी मराठीत संमतिपत्र करा, वाचून दाखवा. काय सगळ्यांना दाखवायचं आणि काय घरातच ठेवायचं, हे विणकर ठरवेल, तुमचे गाईड सर नाही.

एवढं करूनही घोंगडी वाचेलच असं नाही, हे आधीच सांगतो. कातरणीचा खर्चही निघत नाही म्हणून कित्येक मेंढपाळ लोकर फेकून देतात. पेनड्राइव्हमध्ये ठेवून लोकरीला भाव येत नसतो. पण तुमच्यासाठी एक विणकर दिवसभर माग थांबवून बोलणार आहे. त्याची त्या दिवसाची मजुरी तुमच्या प्रोजेक्टच्या खर्चात धरलीय का?