कान्हेरीला जावे, पण कसे जावे?

सहल म्हटली की आपल्या घरात पहिला प्रश्न खर्चाचा. माथेरान-महाबळेश्वर आपल्याला परवडत नाही आणि मुलांची सुट्टी टीव्हीपुढे संपते. पण मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या कुटुंबांना लोकलच्या तिकिटात खरे जंगल पाहता येते. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. तुळशी आणि विहार हे मुंबईला पाणी देणारे तलाव त्याच्याच हद्दीत येतात. आणि त्याच जंगलाच्या पोटात आपली कान्हेरीची लेणी आहेत.

गेल्या डिसेंबरात वस्तीतली पाच कुटुंबे मिळून आम्ही कान्हेरीला गेलो. आमचे कुठे चुकले ते आधी सांगतो, म्हणजे वाचकांचे तसे चुकणार नाही.

पहिली चूक वेळेची. बायकांनी पहाटेपासून डबे केले, पोरांच्या आंघोळीत उशीर झाला आणि मेगाब्लॉकची आठवण स्टेशनात आल्यावर झाली. लेण्यांशी पोहोचेपर्यंत दुपारचा एक वाजून गेला होता. दुसरी चूक सामानाची. पोरांच्या हातात वेफरच्या पुड्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. माकडांना पिशवी म्हणजे खाऊ, एवढे पक्के कळते. आमच्या वहिनींच्या हातातली पिशवी एका माकडाने क्षणात ओढली, त्या पायरीवर पडल्या, गुडघा फुटला.

पण खरी लाज वाटली ती तिसऱ्या प्रसंगाने. आमच्या धाकट्याने वेफरची रिकामी पुडी लेण्याशेजारच्या पाण्याच्या टाक्यात टाकली. आम्ही पाहून न पाहिल्यासारखे केले. आमची आई मात्र तिथेच खाली बसली. म्हणाली, "आमच्या लहानपणी गावात विहिरीला शिवू देत नव्हते. कुणीतरी वरून पाणी ओतील म्हणून घागर घेऊन तासन् तास बसायचो. आणि तू भरल्या पाण्यात घाण टाकतोस?" नातवाला ती कधी रागावत नाही. त्या दिवशी रागावली, आणि ते बोलणे आम्हालाच लागले. २० मार्च १९२७ ला महाडला काय झाले ते आम्ही मुलांना दरवर्षी सांगतो. मग पाण्याची किंमत मुलाला का कळू नये? शेवटी एका रखवालदाराने काठीने ती पुडी बाहेर काढली. धाकट्याने ती धुऊन खिशात घातली आणि घरापर्यंत आणली.

त्या टाक्यांना जुन्या शिलालेखांत 'पोढी' म्हटले आहे. डोंगरावर पडणारा पाऊस कोरलेल्या पन्हळींतून या पोढ्यांत उतरतो. भिक्खू वर्षावास इथेच करीत, आणि उन्हाळ्यातही पाणी पुरावे अशी ही योजना. इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे इथे कोरीव काम चालले आणि शंभरावर लेणी झाली. ती सगळी राजांच्या पैशाने झालेली नाहीत. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दान दिल्याचा लेख इथे आहे, कल्याणच्याच एका लोहाराने वाट दान दिल्याचाही आहे. हाताने राबणाऱ्या माणसांचे हे दान आहे. मुलांना हे जागेवर उभे करून सांगावे.

आता जाण्याची तयारी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. सोमवारी बंद असते, तेव्हा त्या दिवशी जाऊ नये. बोरिवलीला पूर्वेला उतरावे, तिथून उद्यानाचे फाटक चालत जाण्याजोगे आहे. लेणी फाटकापासून सुमारे सहा किलोमीटर आत आहेत. वृद्ध माणसे आणि लेकरे बरोबर असतील तर आतल्या बसनेच जावे. परतीची शेवटची बस किती वाजता, हे उतरल्याबरोबर विचारून घ्यावे. उद्यानाचे तिकीट वेगळे, लेण्यांचे वेगळे. लेण्यांसाठी १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. सकाळी फाटक उघडताना पोहोचावे. तेव्हा गर्दी कमी असते, पक्षी दिसतात, आणि ऊन चढण्याआधी वरची लेणी पाहून होतात.

डबा स्टीलचा न्यावा. भाकरी, सुकी चटणी, उकडलेली अंडी, असे न सांडणारे जेवण बरे. ते सगळे झाकणाच्या कापडी पिशवीत, पाठीवर. माकडांना काही देऊ नये. पायांत घट्ट बूट किंवा पट्ट्याची चप्पल हवी, कारण पायऱ्या गुळगुळीत झाल्या आहेत. पावसाळ्यात ओढ्यात उतरू नये, पाणी एकाएकी वाढते.

या जंगलात बिबटे आहेत. तो संध्याकाळी आणि पहाटे फिरतो, म्हणून अंधाराआधी बाहेर पडावे आणि मुलांना एकटे सोडू नये. आपण उष्टे टाकतो, त्यावर कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीपर्यंत येतो. म्हणजे आपल्या कचऱ्याचा भोग कडेच्या झोपडीतल्या लेकराच्या वाट्याला येतो. जंगलात वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. त्यांच्या घरांत डोकावू नये, न विचारता फोटो काढू नये. आपल्या वस्तीचा असा तमाशा कुणी केलेला आपल्याला चालेल का?

लेण्यांच्या भिंतींवर नाव कोरणे हा तर कायद्याने गुन्हा आहे. ३ नंबरच्या चैत्याच्या ओसरीत बुद्धाच्या वीस फुटांहून उंच दोन मूर्ती आहेत. तिथे दहा मिनिटे मुलांना नुसते गप्प बसवून पाहावे.

२०२४ मध्ये या डोंगरात कारवी फुलली होती. ती आठ वर्षांतून एकदा फुलते, म्हणजे आता २०३२ ला. तोवर आमचा धाकटा मोठा होईल. आईने त्याला बजावून ठेवले आहे की, तेव्हा मला घेऊन जायचे आणि आधी ती पोढी दाखवायची.