चेन्नईच्या उन्हाळ्यात गोल्डन रिट्रीव्हर

गोल्डन रिट्रीव्हरचे पिल्लू घरी आणायचे ठरले की मुले आधी नावावरून भांडतात. भांडू द्या. तुम्ही मात्र एकच विचार करा: मे महिन्यात दुपारी हा कुठे बसणार?

हा कुत्रा मूळचा थंड स्कॉटलंडचा. १८६८ च्या सुमारास तिथल्या एका जमीनदाराने, पुढच्या लॉर्ड ट्वीडमाउथने, शिकारीत पाण्यात पडलेले पक्षी उचलून आणण्यासाठी ही जात तयार करायला घेतली. म्हणून त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. त्यात कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड करतो, आणि चेन्नईच्या दमट हवेत त्या धापांचाही फारसा उपयोग होत नाही.

मग कोणीतरी सांगते, "सगळे केस भादरून टाका, बिचाऱ्याला मोकळे वाटेल." असे करू नका. वरचे केस उन्हापासून कातडी वाचवतात, आणि एकदा भादरले की पुन्हा नीट येतीलच असे नाही. त्यापेक्षा आठवड्यातून तीन-चार वेळा ब्रशने आतली गळकी लव काढा. तेव्हाच कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहे का तेही बघा. गोचीड दिसली तर रॉकेल लावू नका, चिमट्याने ओढून काढा. नंतर ताप आला, खाणे सुटले, तर डॉक्टरांकडे जायला उशीर नको.

उन्हाळ्यात फिरायला पहाटे पाचला निघा. संध्याकाळी समुद्राचा वारा सुटला तरी डांबर तापलेलेच असते. हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा. तुम्हाला सोसवले नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

एवढे करूनही ऊन लागू शकते. धाप थांबत नाही, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, चाल अडखळते. अशा वेळी "थोडा वेळ बघू" म्हणू नका. सावलीत घ्या, अंगभर साधे पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टर गाठा. इथे एक गंमत होते, म्हणजे गंमत कसली! गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी नळाला कढत येते. म्हणून उन्हाळाभर एक भरलेली बादली घरात सावलीला ठेवा. वेपेरीला १९०३ पासूनचे मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण तांबरमहून ट्रॅफिकमधून तिथे पोचायला वेळ लागतो. जवळच्या डॉक्टरांचा नंबर आजच फोनमध्ये घ्या.

शिकवणीचे म्हणाल तर हा कुत्रा हुशार आहे, गोंधळ आपलाच असतो. आजी म्हणते "बस", नातू म्हणतो "सिट", कामाला येणाऱ्या अक्का म्हणतात "उक्कारु". पिल्लू तिघांकडे बघत उभेच! घरात बसून एक शब्द ठरवा आणि फ्रिजवर लिहून ठेवा. कुठल्याही भाषेतला चालेल. दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटे पुरतात, तीही पंख्याखाली. बक्षीस म्हणून गाजराचा किंवा उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्या. वस्तू तोंडात धरणे त्याच्या रक्तातच आहे. चप्पल पळवली तर मागे धावू नका, त्याला तो खेळ वाटतो. खेळणे पुढे करा आणि चप्पल सोडवून घ्या. दोरी ओढू लागला की जागीच उभे राहा. आत्ता पिल्लू आहे. वर्षभराने तीस किलोचा गडी आजोबांना सहज ओढून नेईल.

खाण्यात लाड बेताचे करा. ही जात खादाड, वजन पटकन वाढते आणि ते कंबरेच्या सांध्यांवर येते. कांदा आणि चॉकलेट द्यायचे नाही. द्राक्षे, बेदाणेही नाहीत. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, हे मात्र घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आजीला, आधीच सांगून ठेवा.