थकव्याला आळस म्हणू नका

शहाड स्टेशनचा पूल चढताना सकाळच्या गर्दीत एखादी गृहिणी अर्ध्या जिन्यात दम घेत थांबते. घरी तिला ऐकावे लागते, ‘हल्ली तू फार आळशी झालीस!’ वजन वाढते, केस गळतात, इतरांना उकडत असताना हिला थंडी वाजते. दोष स्वभावाला दिला जातो. गळ्यातल्या फुलपाखराच्या आकाराच्या थायरॉईड ग्रंथीकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही.

आपल्या शरीराचा बराचसा कारभार निरोपांवर चालतो. अंतःस्रावी ग्रंथी आपला स्राव थेट रक्तात सोडतात आणि रक्तच तो दूरच्या अवयवांपर्यंत पोचवते. या स्रावांना १९०५ साली स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने ‘हॉर्मोन’ म्हटले. आपण त्यांना संप्रेरके म्हणतो. थायरॉईडचे संप्रेरक शरीराची चूल मंद ठेवायची की मोठी, हे ठरवते. ते कमी पडले की मेंदूच्या तळाची पीयूषिका ग्रंथी ‘टीएसएच’चा हुकूम वाढवते आणि पुरेसे झाले की आवरता घेते. म्हणूनच टीएसएच वाढलेले दिसले की थायरॉईड मंदावल्याचा संशय डॉक्टरांना येतो.

हे संप्रेरक बनण्यास आयोडीन लागते. आजच्या हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाने गलगंड घटतो हे दाखवून दिले. पण मीठ चांगले असूनही आजार होऊ शकतो. शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते, आणि स्त्रियांत हे पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक घडते. उपाय साधा आहे. डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची. बरे वाटले म्हणून ती मनाने सोडायची नाही.

खरी निकड आहे ती तान्ह्या बाळांची. जन्मतःच थायरॉईड मंद असलेले बाळ बहुधा अगदी निरोगी दिसते. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर त्याची बुद्धी सामान्यपणे वाढते. महिने वाया गेले तर झालेली हानी भरून येत नाही. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर एका आयुष्याचा निकाल ठरतो. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या प्रत्येक प्रसूतिगृहात ही तपासणी लसीइतकीच नेमाने व्हायला हवी. ती झाली का, हे आजी-आजोबांनीही विचारावे.

बारशाची तयारी तर आपण करतोच. त्याआधी एवढे विचारायला काय हरकत आहे?